अज्ञानावर औषध : विचारणे

इशाची नमाज आटोपून मशीद रिकामी झाली होती. पंखे बंद करून मी दार ओढून घेणार, तोच वुजूखान्याच्या कट्ट्यावर बसलेला एक तरुण उठून उभा राहिला. सलाम करून म्हणाला, "मौलाना, एक मसला विचारायचा होता. माझा नाही, माझ्या एका मित्राचा आहे."

इमामतीच्या काही वर्षांत एवढे तरी मला कळले आहे, की जो मसला 'मित्राचा' असतो तो बहुधा विचारणाऱ्याच्याच उरात सलत असतो. मी त्याला आत बसवले, पाणी दिले आणि मित्राची हकिकत ऐकू लागलो. दोन-चार वाक्यांतच मित्र गळून पडला आणि तो स्वतःविषयी बोलू लागला. ती हकिकत त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील वगळून येथे मांडत आहे.

अकरा दिवसांपूर्वी घरखर्चावरून पत्नीशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. रागाच्या भरात तो तिला म्हणाला, "ऊठ, तुझ्या माहेरी जाऊन राहा." ती खरोखरच मुलाला घेऊन माहेरी गेली. रात्री राग उतरला आणि त्याच्या मनात शंका शिरली : या शब्दांनी तलाक तर झाला नसेल? रात्रीचे दोन वाजले होते. एवढ्या रात्री विचारायचे कोणाला, आणि दिवस उजाडल्यावर तरी कोणत्या तोंडाने? त्याने मोबाइल उघडला आणि ते वाक्य शोधासाठी टाइप केले.

एका पानावर लिहिले होते की तलाक झाला. दुसऱ्या पानावर लिहिले होते की झाला नाही. तिसऱ्या ठिकाणी एक वक्ते चढ्या आवाजात सांगत होते की अशा पत्नीसोबत राहणे म्हणजे आयुष्यभराचा गुनाह. चौथे पान २०१९ च्या कायद्याविषयी होते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक त्या कायद्याने निरर्थक आणि दंडनीय ठरवला आहे. पण याने तर तसे काही उच्चारलेच नव्हते. त्या रात्रीनंतर त्याच्या मोबाइलवर तलाकविषयीचे व्हिडिओ न मागता एकामागून एक येऊ लागले. पत्नीशी बोलणेही आता हराम असेल, या भीतीने त्याने अकरा दिवस तिला फोन केला नाही. नवऱ्याने आपल्याला टाकले, अशी तिने तिकडे समजूत करून घेतली. तिचे भाऊ संतापले. घर मोडायला फारसे काही उरले नव्हते.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "ते शब्द उच्चारताना तुझ्या मनात काय होते?"

तो गोंधळला. असा प्रश्न अकरा दिवसांत त्याला कोणीच विचारला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "काही नाही, मौलाना. चार दिवस ती आईकडे राहिली तर दोघांचेही डोके शांत होईल, एवढेच."

"तलाकचा विचार?"

"अल्लाहची शपथ, मनाला शिवलासुद्धा नव्हता."

निर्णय देणे हे माझे काम नव्हते. त्याच्यासमोरच मी माझ्या उस्तादांना, जे मुफ्ती आहेत, फोन लावला. त्यांनी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलून तोच प्रश्न विचारला. आणखीही चार प्रश्न विचारले. नेमके शब्द कोणते, किती वेळा, कोणत्या प्रसंगी, यापूर्वी कधी असे घडले होते काय. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितले की हे शब्द संदिग्ध आहेत, अशा शब्दांत बोलणाऱ्याची नियत पाहिली जाते, आणि तुझी नियत तलाकची नसल्यामुळे तुझा निकाह कायम आहे. तो तरुण गुडघ्यांत डोके घालून रडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने तो सासुरवाडीला गेला.

प्रिय वाचकहो, हा निर्णय कृपया कोणीही स्वतःला लावून घेऊ नये. शब्द बदलला, प्रसंग बदलला, मसलक बदलला की उत्तर बदलू शकते. किंबहुना, दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर उचलून स्वतःला लावून घेण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्याविषयीच मला बोलायचे आहे.

शोधणे म्हणजे विचारणे नव्हे

आपल्या रोजच्या जगण्यात गेल्या काही वर्षांत केवढा बदल झाला आहे, हे सांगायला आकडेवारी नको. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि घराघरांत पोहोचले. पूर्वी रस्ता चुकला तर पानवाल्याला विचारत असू. आता नकाशा उघडतो. मासिक पाळीविषयी, तापाविषयी, कर्जाच्या व्याजाविषयी, मुलाच्या नावाच्या अर्थाविषयी पूर्वी कोणाला तरी विचारावे लागे. आता दार लावून, एकट्याने, अंगठ्याने शोधता येते. यात सोय आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. ज्या हदीस ग्रंथांसाठी आमच्या उस्तादांना दूरच्या ग्रंथालयांत जावे लागे, ते आज विद्यार्थ्याच्या खिशात आहेत. हजचा अर्ज घरबसल्या भरता येतो. सातबाऱ्याचा उतारा मोबाइलवर पाहता येतो.

परंतु 'शोधणे' या क्रियेने 'विचारणे' या क्रियेची जागा घेतली, तेव्हा एक गोष्ट हातातून निसटली आणि तिचा आवाजही आपल्याला ऐकू आला नाही. विचारणे दोन माणसांमध्ये घडते. विचारणारा असतो, सांगणारा असतो. सांगणारा आधी उलट विचारतो, 'तू कोण, तुझी परिस्थिती काय, तुझ्या मनात काय?' आणि उत्तर दिल्यावर त्याचा भार आपल्या खांद्यावर घेतो. शोधण्यात विचारणारा एकटाच असतो. शब्द टाकायचे आणि त्या शब्दांशी जुळणारी पाने समोर येतात. पान शब्द ओळखते. माणूस ओळखत नाही.

सहीह बुखारीतील पहिलीच हदीस कृत्यांचा आधार नियत आहे, हे शिकवते. आपल्या फिकहची इमारत या पायावर उभी आहे. म्हणूनच मुफ्ती उत्तर देण्याआधी प्रश्न विचारतो. त्या तरुणाचा निकाह ज्या एका गोष्टीवर टिकून होता, ती त्याची नियत होती. आणि नेमकी तीच त्याला कोणत्याही पानाने विचारली नाही.

२०२२ च्या अखेरीपासून माणसासारखे संभाषण करणारे संगणकीय कार्यक्रमही लोकांच्या हाती आले आहेत. ते उलट प्रश्नही विचारतात, हे खरे. पण मी स्वतः पाहिले आहे की त्यांच्याकडे एखादी हदीस मागितली, तर कधी कधी ते ग्रंथाचे नाव आणि क्रमांक देऊन अशी हदीस सांगतात, जी त्या ग्रंथात कुठेही नसते. त्यात खोटे बोलण्याचा हेतू नसतो. शब्दांमागून शब्द जुळवत जाणे हेच त्यांचे काम आहे. पण कयामतच्या दिवशी त्या उत्तराचा जाब कोण देणार? यंत्राला हिशेब नाही. हिशेब आपल्याला आहे. दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) अल्लाह तआलाने बजावले आहे की ज्या गोष्टीचे ज्ञान नाही, तिच्यामागे जाऊ नये. कान, डोळे आणि अंतःकरण या साऱ्यांची विचारणा होणार आहे.

डोक्याला जखम झालेला प्रवासी

सुनन अबू दाऊदमध्ये आदरणीय जाबिर (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग नोंदला आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांपैकी एकाला दगड लागून डोक्याला जखम झाली. त्यानंतर झोपेत त्याला गुस्ल आवश्यक झाले. पाणी लागले तर जखम चिघळेल, हे उघड होते. त्याने सोबत्यांना विचारले, 'मला तयम्मुमची सवलत आहे काय?' सोबती म्हणाले, पाणी उपलब्ध असताना सवलत दिसत नाही. त्याने आंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले, तेव्हा ते अतिशय संतप्त झाले. यांनीच त्याला मारले, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असे सुनावले. आणि अज्ञानावर उपाय विचारणे हाच आहे, ही कायमची शिकवण दिली.

या प्रसंगातील एक बाब सहज नजरेआड होते. त्या जखमी माणसाने विचारले होते. त्याचा दोष नव्हता. दोष उत्तर देणाऱ्यांचा होता. त्यांना पाणी आणि तयम्मुम यांचा साधारण नियम ठाऊक होता, पण समोरच्या माणसाची जखम त्यांनी त्या नियमात धरली नाही. म्हणजे त्यांचे उत्तर दुसऱ्या कोणासाठी तरी बरोबर असेल. त्या माणसासाठी ते प्राणघातक ठरले.

आज शोधातून मिळणारी अनेक उत्तरे अशाच जातीची असतात. ती निव्वळ खोटी असतात असे नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी असतात. रमजानमध्ये इन्सुलिन घेणारी एक वृद्ध माता मोबाइलवरील एक बयान ऐकून रोजे ठेवत होती, कारण त्यात आजारपणाची सबब सांगणाऱ्यांवर कडक टीका होती. तो वक्ता आळशी तरुणांशी बोलत होता. ऐकत होती मधुमेहाची रुग्ण. तिच्या डॉक्टरांनी काय सांगितले, हे त्या बयानाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या सुनेने मला विचारले म्हणून बरे. आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेतला, आजाऱ्याला शरिअतने दिलेली सवलत तिला समजावली, आणि मग कुठे तिने दुपारचे जेवण घेतले. तेही डोळे पुसत, जणू काही ती अपराध करत होती.

समुद्रकाठचे घर आणि घाटावरची सून

मी कोकणातला. आम्हा कोकणी मुसलमानांत बहुतांश शाफई मसलकाचे. घाटावर, मराठवाड्यात आणि खानदेशात बहुतांश हनफी. शेकडो वर्षे दोघेही एकमेकांच्या मागे नमाज पढत आले, सोयरिकी करत आले. अलीकडे मात्र या घरांत एक नवाच पाहुणा शिरला आहे.

मराठवाड्यातील एक मुलगी लग्न होऊन आमच्या भागात आली. सासरी माकूल आणि तिसऱ्या शिजल्या. तिने हे पूर्वी पाहिलेले नव्हते. कोणाला न विचारता तिने मोबाइलवर शोधले आणि उत्तर मिळाले, हराम. तिने ताट बाजूला सारले. सासू दुखावली, "म्हणजे आमच्या सात पिढ्या हराम खात आल्या काय गं?" आठवडाभर घरात अबोला. खरे तर दोघींचेही चुकत नव्हते. हनफी मसलकात समुद्रातील प्राण्यांपैकी मासाच हलाल मानला जातो आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी विद्वानांतही दोन मते आहेत. शाफई मसलकात समुद्रातील प्राण्यांविषयी पुष्कळ व्यापक मोकळीक आहे. ती मुलगी आपल्या मसलकाप्रमाणे न खाण्यास मोकळी होती. सासूला आपल्या मसलकाप्रमाणे खाण्यात काही दोष नव्हता. उर्दूत आणि हिंदीत शोधले की आपल्या देशात प्रामुख्याने हनफी उत्तरे समोर येतात, कारण लिहिणारे तेच अधिक. शोधाने 'तू कोणत्या घरात उभी आहेस' हे विचारले नाही. तिने सासूला विचारले असते तर दोन वाक्यांत प्रश्न मिटला असता.

नमाजच्या वेळांचेही तसेच. असरची वेळ शाफई मसलकात वस्तूची सावली, माध्यान्हीची सावली वगळून, तिच्या उंचीइतकी झाली की सुरू होते. हनफी मसलकातील प्रसिद्ध मताप्रमाणे ती दुप्पट झाल्यावर. दोहोंत सुमारे तासाभराचे अंतर पडते. फजरसाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे हे धरतात. कोणी १८ अंश धरतो, उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेली एक पद्धत १५ अंश धरते. या तीन अंशांचा फरक आपल्या अक्षांशावर साधारण बारा ते चौदा मिनिटांचा होतो. परदेशातून सुटीवर आलेल्या एका भावाने मोबाइलवरील तिकडची पद्धत बदललीच नव्हती. मशिदीत अजान झाल्यावरही तो सेहरी करत राहिला आणि वर 'मोअज्जिनने घाई केली' म्हणून वाद घालू लागला. मोबाइलमधील वेळ आकाशातून उतरलेली नसते. कोणीतरी निवडलेल्या एका पद्धतीने काढलेले ते गणित असते. ती पद्धत कोणती, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही.

सनद आणि पानांची संख्या

येथे मला माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. मदरशातून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी, एका जुमाच्या खुत्ब्यात मी शिक्षणाचे महत्त्व सांगत होतो. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, अशा आशयाचे कथन मी प्रेषितांची (स.) हदीस म्हणून सांगितले. तयारी घाईची होती. मोबाइलवर शोधले, असंख्य पानांवर ते होते, म्हणून उचलले. नमाजनंतर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याजवळ आले. अत्यंत अदबीने म्हणाले, "मौलाना, ही हदीस कोणत्या किताबात आहे? नातवाला दाखवायची आहे." मी घरी जाऊन पाहिले. हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ते कथन प्रमाण मानलेले नाही; इब्न अल-जौझी यांनी तर बनावट कथनांच्या आपल्या संग्रहात त्याची नोंद केली आहे. पुढच्या जुमाला मिंबरवरून चूक दुरुस्त करताना माझे कान तापले होते. ज्ञानाची महती सांगायला प्रमाण हदीसांची काय वाण होती? पण मी सनद पाहिली नाही, संख्या पाहिली.

संख्या आणि सनद यांतला हा फरक समजून घेण्यासारखा आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या मूळ पद्धतीचा गाभा असा की ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात आणि बोट दाखवणारी पानेही वजनदार असतात, ते पान वर यावे. आज त्या मोजणीत भाषा, ठिकाण, पानाचा ताजेपणा अशा आणखी कितीतरी गोष्टी मिसळलेल्या आहेत. काही जागा पैसे देणाऱ्या जाहिरातदारांसाठीही असतात. माहितीच्या ढिगातून उपयोगी पान हुडकण्यासाठी ही योजना हुशारीची आहे. पण 'वर आलेले' म्हणजे 'सिद्ध झालेले' नव्हे.

हदीसशास्त्राने हजार-बाराशे वर्षांपूर्वी नेमका हाच भेद केला. एकच गोष्ट हजार माणसे सांगत असली, तरी त्या हजारांनी ती एकाच माणसाकडून ऐकली असेल, तर पारखताना ती एकाच माणसाची साक्ष धरली जाते. त्या मूळ माणसाची स्मरणशक्ती, सचोटी आणि ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो त्याची भेट झाली होती की नाही, हे तपासले जाते. आज एक पान दुसऱ्याची नक्कल करते, दुसरे तिसऱ्याची. आणि आपण म्हणतो, 'सगळीकडे तसेच लिहिले आहे.' इब्न सीरीन (रह.) यांच्या उपदेशाचा आशय असा आहे की हे ज्ञान म्हणजेच दीन आहे, तेव्हा तो कोणाकडून घेता हे पाहून घ्या. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी एका हदीससाठी उंट खरेदी केला आणि महिनाभराचा प्रवास करून ते शाममध्ये अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्या दारी पोहोचले. हदीस त्यांच्या कानी आलेलीच होती. ज्याने स्वतः ऐकली त्याच्या तोंडून ती ऐकायची होती. आपल्याला महिनाभर चालायचे नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आहे.

लोकांनी विचारणे का सोडले?

सारा दोष मोबाइलवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. पण ते प्रामाणिक ठरणार नाही. त्या तरुणाला मी विचारले होते, "पहिल्याच दिवशी का आला नाहीस?" त्याचे उत्तर आजही टोचते. "मौलाना, लहानपणी मकतबमध्ये एक प्रश्न विचारला होता. सगळ्यांसमोर थप्पड बसली होती."

आम्ही आलिम म्हणवणाऱ्यांनी स्वतःला विचारले पाहिजे की लोक यंत्राकडे का गेले. यंत्र रागावत नाही. यंत्र हसत नाही. यंत्र 'एवढेही माहीत नाही?' असे म्हणत नाही. आपल्या कित्येक मशिदींत स्त्रियांना पाऊल ठेवायला जागा नाही. मग त्यांनी आपले प्रश्न कोठे न्यायचे? आदरणीय आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली, ती याच गुणासाठी की लज्जेने त्यांना दीन शिकण्यापासून रोखले नाही. उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) अत्यंत नाजूक प्रश्न विचारला आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले. त्या विचारू शकल्या, कारण ऐकणारा तसा होता.

सूरह अबसा (८०) आपण जाणतोच. आदरणीय इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने आले, तेव्हा प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. कपाळावर आठी उमटली. अंधाला ती दिसणेही शक्य नव्हते. तरीही अल्लाह तआलाने त्यावर आयती अवतरल्या आणि त्या कयामतपर्यंत पठण केल्या जातील. विचारणाऱ्याचा हक्क एवढा मोठा आहे. सूरह अद-दुहामध्ये (९३:१०) याचना करणाऱ्याला झिडकारू नये, अशी आज्ञा आहे. भाष्यकारांनी या 'साइल'मध्ये मदत मागणाऱ्याबरोबरच ज्ञान मागणाऱ्याचाही समावेश केला आहे.

ही आज्ञा केवळ आलिमांपुरती नाही, तरुणांसाठीही आहे. आज घरोघरी एक उलटी गोष्ट घडते आहे : विचारणारे आता वडीलधारे आहेत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, बँकेचा संदेश, सारे ऑनलाइन. ज्या आजोबांना उभा मोहल्ला सल्ला विचारायचा, ते आज नातवाच्या दारात मोबाइल घेऊन उभे असतात आणि नातू मान वर न करता म्हणतो, "अब्बाजी, कितीदा सांगितले तुम्हाला!" तेही साइलच आहेत. ज्या मुलाच्या हाती मोहल्ल्यातील लोक आपले आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विश्वासाने देतात, त्याच्या हाती अमानत आहे. तिच्यात कणभर खियानत झाली, तर अल्लाहच्या दरबारात 'मी फक्त फॉर्म भरत होतो' ही सबब चालणार नाही.

काय करावे?

पहिली गोष्ट : माहिती आणि हुकूम यांत फरक करावा. आयत कोणत्या सूरहमध्ये आहे, हदीसचे शब्द काय आहेत, गाडी किती वाजता आहे, हे अवश्य शोधावे. पण निकाह-तलाक, वारसा, व्यवहारातील हलाल-हराम, आजारपणातील इबादत हे प्रश्न ज्यांत 'मी' आहे, ते माणसालाच विचारावे. सूरह अन-नहलमध्ये (१६:४३) ठाऊक नसेल तर जाणकारांना विचारण्याची आज्ञा आहे.

दुसरी : कोणतेही उत्तर वाचल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. सांगणारा कोण, कोणत्या ग्रंथाच्या आधारे, कोणत्या मसलकाप्रमाणे. यांपैकी एकही कळत नसेल तर त्या उत्तरावर घर उभारू नये आणि घर मोडूही नये.

तिसरी : पडताळणी न करता पुढे पाठवू नये. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:६) खात्री न केलेल्या बातमीपायी अजाणता कोणाचे नुकसान करून नंतर पश्चात्ताप करण्याची वेळ येऊ नये, असा इशारा आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आली आहे.

चौथी, आम्हा इमामांसाठी : आठवड्यातून एक वेळ केवळ प्रश्नांसाठी ठेवावी, स्त्रियांसाठी एखाद्या आलिमा भगिनीची सोय करावी, आणि जे ठाऊक नाही तेथे 'ठाऊक नाही' म्हणण्याची लाज बाळगू नये. कयामत केव्हा, असे जिब्रील (अलै.) यांनी विचारले, तेव्हा स्वतः प्रेषितांनी (स.) विचारणाऱ्यापेक्षा मला अधिक ठाऊक नाही, असेच सांगितले होते.

आता आमच्या मशिदीत गुरुवारी इशानंतर अर्धा तास दिवा चालू असतो. कधी कोणी येत नाही. मी कुरआन वाचत बसतो. कधी कोणी येतो आणि म्हणतो, "माझा नाही, मित्राचा मसला आहे." मी पाणी देतो आणि मित्राची हकिकत ऐकतो. मागच्या महिन्यात तो तरुण पत्नीला आणि मुलाला घेऊन आला होता. पत्नी दाराबाहेर, ओट्यावर थांबली. तिने आतल्या माझ्या पत्नीला निरोप दिला, "मौलानांना सांगा, यांनी आता काहीही शोधण्याआधी मला विचारायचे कबूल केले आहे."

अल्लाह तआला आपल्याला विचारण्याची नम्रता, ऐकण्याचा संयम आणि जे ठाऊक नाही ते मान्य करण्याचे धैर्य देवो. आमीन.